आतबट्ट्याचा खेळ

गळ्यातला बिल्ला सरळ करा आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहा. बसायला जागा उरलेली नाही. हे लॉस एंजेलिसचं कन्व्हेन्शन सेंटर, तारीख ११ मे १९९५. व्हिडिओ गेमच्या धंद्याचं ‘ई-थ्री’ हे संमेलन पहिल्यांदाच भरलंय. आजच्यापुरते तुम्ही अमेरिकेतल्या एका खेळण्यांच्या दुकानाचे मालक आहात. नाताळसाठी कोणाचं यंत्र किती मागवायचं, हे ठरवायला आला आहात.

मंचावर सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की बोलतायत. सॅटर्न हे त्यांचं नवं यंत्र सप्टेंबरात येणार, असं तुम्हाला सांगून ठेवलेलं होतं. आता ते जाहीर करतात की सॅटर्न आजपासूनच मिळेल, किंमत ३९९ डॉलर, आणि चार साखळी-दुकानांत माल पोचलासुद्धा. त्या चारांत तुमचं दुकान नाही. केबी टॉईज ही मोठी साखळीही नाही. ती इतकी दुखावणार आहे की सेगाचा माल ठेवणंच बंद करेल.

मग सोनीची पाळी येते. स्टीव्ह रेस व्यासपीठावर चढतात, ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारतात आणि जागेवर परत जातात. प्लेस्टेशनची किंमत. सभागृह टाळ्यांनी दणाणतं.

तुम्हीही टाळ्या वाजवा. गिऱ्हाइकाला शंभर डॉलर स्वस्त मिळणार म्हटल्यावर दुकानदार खूश होणारच. पण मी तुम्हाला इथे आणलंय ते त्या शंभर डॉलरची दुसरी बाजू दाखवायला. किमतीची ही शर्यत कोणाच्या तरी खिशातून चालणार आहे. सेगाच्या बाजूने तिचा शेवटचा हप्ता एका म्हाताऱ्या माणसाने भरला. त्याच्यापर्यंत पोचायला सहा वर्षं पुढे जावं लागेल.

आधी दोन्ही यंत्रांची झाकणं उघडून बघा. सॅटर्नच्या पोटात हिताचीचे दोन मुख्य प्रोसेसर, चित्रं काढायला दोन स्वतंत्र चिप्स, आवाजासाठी आणखी वेगळ्या. सगळे मोजले तर आठ प्रोसेसर भरतात. सेगाचा स्वतःचा चिपचा कारखाना नाही. चिप दुसऱ्याकडून विकत घ्यायची, आणि विकणारा आपला नफा लावूनच विकतो. शिवाय असे सुटे आठ तुकडे पुढे एकत्र गोळा करून खर्च उतरवणं फार कठीण. प्लेस्टेशनची रचना त्या मानाने सुटसुटीत आहे, आणि सीडी वाचणारा भाग तर सोनी वर्षानुवर्षं स्वतः बनवत आलेली आहे. तीच चिप दर वेळी थोडी लहान करायची, एका सिलिकॉनच्या चकतीतून जास्त नग काढायचे, की खर्च उतरत जातो.

तोट्यात विकायचंच कशाला, हा तुमच्यातल्या दुकानदाराचा प्रश्न रास्त आहे. यंत्र एकदा घरात गेलं की पुढची चार-पाच वर्षं त्या घरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे, मग तो कोणीही बनवलेला असो, यंत्राच्या कंपनीला परवान्याचं शुल्क मिळतं. स्वतः बनवलेल्या गेमवर कमाई त्याहून मोठी. म्हणून यंत्रावर पदरमोड करायची आणि ती गेममधून वसूल करायची. कर्ज काढून पेरणी करावी तसं हे आहे. बियाण्याचे पैसे आज जातात, पीक पुढे येतं, आणि पाऊस लांबला म्हणून व्याज थांबत नाही.

कागदावर मांडून बघा. आकडे मी फक्त समजण्यासाठी धरतो: एका यंत्रामागे ६० डॉलर खोट, एका गेममागे १० डॉलर शुल्क. प्रत्येक घरात सहावा गेम विकला गेला की हिशेब बरोबरीत येतो, सातव्यापासून कमाई. ज्या घरात तीनच गेम गेले, तिथले ३० डॉलर कायमचे बुडाले. आता दहा लाख यंत्रं विकली गेली तर आज सहा कोटी डॉलरची खोट, वीस लाख विकली गेली तर बारा कोटींची. इतर धंद्यांत माल हातोहात खपला की मालकाला शांत झोप लागते. इथे माल जितका खपेल तितकी तिजोरी आज रिकामी होते. अपयश आलं तर कंपनी बुडतेच. पण यश फार लवकर आणि फार मोठं आलं, तरी हातात रोख पैसा नसेल तर तीही बुडण्याचीच वाट. या धंद्यातली मला सर्वात भयंकर वाटणारी गोष्ट ही आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅटर्नची किंमत २९९ वर येते. मे १९९६ मध्ये प्लेस्टेशन १९९ वर उतरतं आणि सॅटर्नही मागोमाग तिथेच. वर्षभरात किंमत निम्मी. आठ प्रोसेसरांचं यंत्र बनवण्याचा खर्च वर्षभरात निम्मा होत नसतो. मार्च १९९८ ला संपलेल्या वर्षात सेगाचा एकत्रित निव्वळ तोटा ३,५६० कोटी येन. १९८८ साली कंपनी शेअर बाजारात आली, त्यानंतर पहिल्यांदाच तिने तोटा दाखवला.

आता तुम्ही टोकियोत आहात. २७ नोव्हेंबर १९९८, एका इलेक्ट्रॉनिक्स दुकानाबाहेरची रांग. कोटाची कॉलर वर करा, सकाळ गार आहे. आज तुम्ही साधे गिऱ्हाईक. सेगाचं ड्रीमकास्ट आज विक्रीला आलंय, किंमत २९,००० येन. रांगेत लोक ज्या जाहिरातीबद्दल बोलतायत ती मीही पुन्हा पुन्हा आठवतो. रस्त्यात दोन पोरं म्हणतात की सेगात काही दम नाही, प्लेस्टेशनच भारी. आणि ते मागून ऐकणारा, चेहरा पडलेला गृहस्थ हा कोणी नट नसून सेगाचे खरेखुरे वरिष्ठ संचालक हिदेकाझू युकावा आहेत. आपण हरलो, हे एका कंपनीने आपल्या संचालकाच्या तोंडाने टीव्हीवर सांगितलं. त्यामागची तळमळ मला खरी वाटते. कंपनीचे अध्यक्ष शोइचिरो इरिमाजिरी हे होंडाच्या शर्यतीच्या मोटरसायकलींची इंजिनं रचलेले इंजिनिअर. ही माणसं हलगर्जी नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडतं त्याला नालायकपणा म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो.

तुमचा नंबर येण्याआधीच दुकानातला माल संपतो. पहिल्या दिवसाची सुमारे दीड लाख यंत्रं उडाली. आणखी दोन-तीन लाख सहज खपली असती, असा अंदाज इरिमाजिरींनीच नंतर सांगितला. माल का नव्हता? चित्रांची चिप एनईसी बनवत होती, आणि कारखान्यातून धड चिप्स पुरेशा निघत नव्हत्या. नव्या चिपच्या पहिल्या महिन्यांत चकतीवरचे बरेच नग सदोष निघतात. जाणकार त्याला ‘यील्ड’ म्हणतात. यील्ड कमी असला की उरलेला प्रत्येक चांगला नग महाग पडतो, आणि दुकानात माल नसतो ते वेगळंच. सोनीचं पुढचं यंत्र येण्याआधी मिळालेली सवड, एवढंच सेगाचं भांडवल होतं. त्यातले पहिले महिने असे हातातून गेले. मार्च १९९९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ ची घोषणा केली आणि जपानमधल्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी पाकीट परत खिशात घातलं.

जून १९९९ मध्ये सेगाने ड्रीमकास्टची जपानमधली किंमत १९,९०० येनवर आणली. विक्री वाढली. या किमतीला मात्र यंत्रावर काहीच सुटत नव्हतं. विकलेला प्रत्येक नग कंपनीच्या खिशातून पैसे काढून नेत होता.

इथे तुम्हाला हनेदा विमानतळाजवळच्या सेगाच्या कचेरीत, हिशेबाच्या टेबलाशी बसवतो. वर्ष तेच, उन्हाळा. तुमच्यासमोर दोन रकाने आहेत. डावीकडे जाणारा पैसा: हिताचीला, एनईसीला, आवाजाची चिप आणि डिस्क ड्राइव्ह देणाऱ्या यामाहाला, जाहिरातीला. हा पैसा यंत्र दुकानात पोचण्याआधी द्यावा लागतो. उजवीकडे येणारा पैसा: गेमची शुल्कं. ती गेम बनल्यावर, विकला गेल्यावर, हळूहळू येणार. या दोन रकान्यांमधल्या महिन्यांचा खर्च कोण चालवतं? बँक चालवेल, पण दोन वर्षं तोटा दाखवणाऱ्या कंपनीला बँक किती देईल? सेगाच्या बाबतीत हा पैसा एका माणसाकडून आला. इसाओ ओकावा. सेगाची मालक कंपनी सीएसके त्यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून सेगाला ५० कोटी डॉलर कर्ज दिलं. आणि सेगाने यंत्रं बनवणं सोडावं, नुसते गेम बनवावेत, असं त्यांचं जुनं मत होतं. मत वेगळं असूनही त्यांनी पैसे दिले. मला या माणसाबद्दल आदर वाटतो.

९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत जा, आणि निदान एक दिवस मजा करा. दुकानं मध्यरात्री उघडलीत. किंमत १९९ डॉलर, यंत्राबरोबर दीड डझन गेम तयार, आणि सोलकॅलिबरसारखा गेम बघताना शेजारचं पोरगं श्वास घ्यायला विसरलंय. सेगाच्या सांगण्यानुसार पहिल्या चोवीस तासांत २,२५,१३२ यंत्रं विकली गेली आणि एकूण उलाढाल झाली ९.८४ कोटी डॉलरची. भागाकार करा. एका यंत्रामागे साधारण ४३७ डॉलर. म्हणजे १९९ च्या यंत्राबरोबर लोकांनी त्याहून जास्त पैशांचे गेम, जादा कंट्रोलर, मेमरीचे तुकडे घेतले. या आतबट्ट्याच्या व्यवहाराला अर्थ येतो तो अशा दिवशी. पण पहिल्या रात्री रांगेत उभा राहणारा हा सर्वात वेडा चाहता असतो. दहाव्या महिन्यात भाव उतरल्यावर येणारा माणूस एक यंत्र आणि एक-दोन गेम घेऊन जातो. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर पाच वर्षांचा हिशेब मांडणं फार धोक्याचं.

शिवाय फळीवर एक जागा रिकामी आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी गेम करायचं नाकारलं होतं. अमेरिकेत तिचा मॅडन हा फुटबॉलचा गेम घेण्यासाठी लोक यंत्र विकत घेतात. सेगाने स्वतःचा फुटबॉल गेम बनवला, आणि तो उत्तम होता. पण त्या एका कंपनीच्या सगळ्या गेमांवर मिळालं असतं ते शुल्क गेलं ते गेलंच. पदरमोड तुम्ही करता, आणि ती वसूल होणार की नाही हे दुसऱ्या कंपनीच्या निर्णयावर ठरतं.

४ मार्च २०००. पुन्हा टोकियो, पुन्हा रांग. ही सोनीच्या प्लेस्टेशन २ ची. किंमत ३९,८०० येन, ड्रीमकास्टच्या दुप्पट, आणि तरीही पहिल्या दोन दिवसांत ९,८०,००० च्या आसपास यंत्रं जातात. पुढच्या माणसाची पिशवी बघा: यंत्र, आणि गेमऐवजी सिनेमाची डीव्हीडी. डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग असायचे, त्यामुळे घरच्यांना पटवायला हे कारण चालायचं. सोनीने या यंत्राच्या चित्रांच्या चिपसाठी नागासाकीत स्वतःचा कारखाना उभा केलाय, मुख्य प्रोसेसर तोशिबाबरोबर भागीदारीत बनतो. इतका पैसा आधीच घालू शकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर भाव उतरवत राहणं म्हणजे काय, हे हनेदाच्या टेबलाशी बसून आल्यावर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी अमेरिकेत सेगाने ड्रीमकास्ट १४९ डॉलरवर आणलं. वर एक योजना: सेगानेट या इंटरनेट सेवेचे दीड वर्षाचे वर्गणीदार व्हा, आणि यंत्राचे १४९ च्या १४९ डॉलर परत घ्या. महिन्याला २१.९५ डॉलर धरून अठरा महिन्यांचे साधारण ३९५ होतात. कल्पना काळाच्या पुढची होती, हे आज घराघरांतल्या वर्गण्या बघून कळतं. त्या क्षणी मात्र तिचा अर्थ असा, की आणखी एक खर्च आज आणि आणखी एक उत्पन्न पुढे.

आणि याच सुमारास तळाला भोक पडलं. ड्रीमकास्टचे गेम साध्या सीडीपेक्षा मोठ्या, खास डिस्कवर यायचे, म्हणून ते सुरक्षित मानले गेले. पण संगीताच्या एका खास प्रकारच्या सीडीसाठी यंत्रात ठेवलेली सोय वापरून, यंत्राला हातही न लावता, नक्कल केलेले गेम साध्या सीडीवरून चालू करता येतात हे लोकांनी शोधून काढलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी त्या काळात कोऱ्या पाकिटातल्या गेमच्या सीडी चाळल्या, त्यांनी हा व्यवहार गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलेला आहे. यंत्राच्या कंपनीच्या बाजूने बघा: यंत्र तोट्यात गेलं, घरात वीस गेम आले, आणि एकावरही शुल्क नाही. नफा लावून यंत्र विकणाऱ्या कंपनीची चोरीने कमाई कमी होते. तोट्यात विकणाऱ्या कंपनीला चोर गेम नेतो आणि यंत्रावरची सूटही नेतो.

२००१ च्या जानेवारीत शिरण्याआधी मला तुम्हाला थोडं पुढे न्यायचंय, नाहीतर तुम्ही म्हणाल की सेगा दुबळी होती म्हणून बुडाली, मोठ्यांना हे चालतं.

नोव्हेंबर २००६. आयसप्लाय या संस्थेचे लोक नुकतंच आलेलं प्लेस्टेशन ३ टेबलावर सुटं करून एकेका भागाची किंमत लिहितायत. तुम्ही खांद्यावरून वाकून बघताय. ६० जीबीच्या यंत्राचा बनवण्याचा खर्च त्यांच्या अंदाजाने ८४०.३५ डॉलर, दुकानातली किंमत ५९९. लहान यंत्राचा खर्च ८०५.८५, किंमत ४९९. म्हणजे तीनशे डॉलरवर खोट, आणि यात दुकानदाराचा वाटा, जाहिरात, जहाजाचं भाडं धरलेलं नाही. या वेळी स्वतःचे कारखाने, स्वतःचं ब्लू-रे तंत्र, स्वतःचा सिनेमा, सगळं सोनीकडे होतं. निळ्या लेसरचा तुटवडा पडला, सेल हा प्रोसेसर महाग पडला, आणि मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा व्यवहारातला तोटा झाला २३,२३० कोटी येन. पुढच्या वर्षी १२,४५० कोटी.

हे आकडे सेगाच्या शेजारी ठेवा. मार्च १९९८ ला संपलेल्या वर्षापासून मार्च २००१ ला संपलेल्या वर्षापर्यंतच्या चार वर्षांत सेगाचा एकत्रित निव्वळ तोटा सुमारे १७,३०० कोटी येन भरतो. मोजण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे, पण अंदाज येतो: ज्या खोटीने चार वर्षांत सेगाचं यंत्र संपवलं तिच्याहून मोठी खोट सोनीच्या एका विभागाने एका वर्षात खाल्ली, आणि सोनी टिकली. कॅमेरे, सिनेमा, विमा. पैसे यायला दुसरे रस्ते होते. तोट्यात विकून कंपनी खरी विकत घेते ती वेळ. वेळ कोणाला किती परवडते, यावर बाकीचं ठरतं. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांनी मात्र २००७ मध्ये पद सोडलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी, २०१० साली, अमेरिकी हवाई दलाची प्रयोगशाळा आहे. आत या. फळ्यांवर १,७६० प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून महासंगणक उभा केलाय. स्वस्तात एवढी गणनशक्ती दुसरीकडे कुठे मिळणार? यातल्या एकाही यंत्रावर कोणी गेम खेळणार नाही. यंत्रावरची खोट तोवर बरीच कमी झाली होती, पण ज्याची किंमत गेममधून वसूल व्हायची ते यंत्र गेम न घेणाऱ्याच्या हातात पडलं तर काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. त्याच वर्षी सोनीने सुरक्षेचं कारण देऊन यंत्रावर दुसरी संगणकप्रणाली चालवायची सोय काढून टाकली.

निन्तेन्दोकडे क्षणभर डोकावू. ती कंपनी या खेळापासून बऱ्यापैकी दूर राहिली होती. पण ऑगस्ट २०११ मध्ये हातात धरायच्या ३डीएसची किंमत तिने बाजारात आल्यावर सहाच महिन्यांत २५,००० वरून १५,००० येनवर आणली, बनवण्याच्या खर्चाच्याही खाली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. त्या आर्थिक वर्षाअखेर ४,३२० कोटी येन तोटा. यंत्र मात्र सावरलं, कारण वर्ष संपण्याआधी मारिओचे दोन मोठे गेम आले आणि कंपनीच्या गाठीशी रोख पैसा होता.

आणि अगदी आपल्या काळात या हिशेबाचा पायाच हललाय. वर्षं जातील तशी चिप स्वस्त होईल, या विश्वासावर सगळी पदरमोड उभी असते. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५० डॉलरने वाढली. पाच वर्षांचं जुनं यंत्र नवं असतानापेक्षा महाग. १९९५ च्या त्या सभागृहात हे कोणी सांगितलं असतं तर कोणाला पटलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात शपथेवर सांगितलं होतं की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मायक्रोसॉफ्टला ते झेपतं. प्रश्न तिला किती काळ झेपावंसं वाटेल, हा आहे.

चला, आता मागे. हनेदा, ३१ जानेवारी २००१. तुम्ही त्याच हिशेबाच्या टेबलाशी आहात. अमेरिकेत वर्षअखेरपर्यंत ५० लाख यंत्रं गेली तरच ड्रीमकास्ट तग धरेल, असं तिथले प्रमुख पीटर मूर म्हणाले होते. गेली ३० लाखांच्या आसपास. आज जाहीर होतंय की मार्चनंतर ड्रीमकास्ट बनणार नाही आणि सेगा यापुढे दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी गेम बनवेल. गोदामातला माल काढायला अमेरिकेत किंमत ९९ डॉलर, जपानमध्ये मार्चपासून ९,९०० येन. २९,००० पासून निघालेला आकडा सव्वादोन वर्षांत इथे आला. जगभरात विकली गेलेली एकूण यंत्रं ९१ लाखांच्या घरात. त्या मार्चअखेरच्या वर्षाचा तोटा ५,१७० कोटी येन.

वाईट हे, की याच कंपनीत त्या काळातले काही सर्वात धीट गेम बनत होते. शेनम्यू, जेट सेट रेडिओ, स्पेस चॅनेल ५. यंत्राने खाल्लेला पैसा अखेर माणसांवर आला. त्याच वर्षी सेगाच्या टोकियोतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांच्या नोकऱ्या गेल्या. शेवटच्या ड्रीमकास्टवर सेगाच्या नऊही गेम-स्टुडिओंच्या प्रमुखांनी सह्या केल्या.

ओकावा मे २००० पासून कंपनीचे अध्यक्षही होते. १६ मार्च २००१ ला, वयाच्या ७४ व्या वर्षी, ते गेले. जाण्याआधी त्यांनी सेगाकडून येणं असलेलं सगळं कर्ज माफ केलं आणि सेगा व सीएसकेचे स्वतःचे सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. हिशेबाच्या वहीत ही नोंद तुमच्या हाताने करा. परवाना-शुल्कातून, वर्गणीतून, पुढच्या नाताळातून जो पैसा येणार होता तो आला नाही; त्या जागी एका माणसाची आयुष्यभराची मिळकत लिहिली गेली. सेगा आज अस्तित्वात आहे याचं मोठं कारण ही नोंद आहे, असं मी मानतो. आणि ज्या धंद्याची खोट भरायला अशी एखादी व्यक्ती लागते, त्या धंद्याच्या पद्धतीवरच शंका घेतली पाहिजे, असंही मानतो. प्रत्येक कंपनीला ओकावा भेटत नाही.

वर्ष सरता सरता, २० डिसेंबरला, टोकियोतल्या एका दुकानात निन्तेन्दोच्या फळीवर ‘सोनिक अ‍ॅडव्हेंचर २ बॅटल’ उभा आहे. गेमक्यूबसाठी. सेगाचा निळा सोनिक, इतकी वर्षं ज्या घराशी स्पर्धा केली त्याच घरात. शेजारी गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा ‘सोनिक अ‍ॅडव्हान्स’. दुकानातल्या गिऱ्हाइकांना हे खूप विचित्र वाटतंय. तुम्ही मात्र हिशेबाच्या टेबलावरून आलायत. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीमागे सेगा आता क्योतोच्या निन्तेन्दोला शुल्क भरते, आणि त्या बदल्यात एनईसीला आगाऊ द्यायचे पैसे नाहीत, पडून राहणारी यंत्रं नाहीत, १९९ की १४९ हा वाद नाही. मार्च २००३ ला संपलेल्या वर्षात सेगाने ३०५ कोटी येन नफा दाखवला.